दगडाचा चुरा होतोय, मधोमध तुटतोय: फ्लिंटनॅपिंग शिकताना आधी कड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की तीन महिने व्हिडिओ बघून दगडाची हत्यारं घडवायचा, म्हणजे फ्लिंटनॅपिंगचा, प्रयत्न चालू आहे, पण फटका मारला की एकतर कडेचा नुसता चुरा होतो नाहीतर दगडाचे मधोमध दोन तुकडे पडतात, मग नक्की कुठला दगड घ्यावा, कुठली हातोडी घ्यावी आणि बाणाचं एक नीट टोक जमायला किती दिवस लागतील.

मी हे काम गेली तेरा-चौदा वर्षं करतेय आणि बऱ्याच जणांना हाताला हात लावून शिकवलंय, त्यामुळे आधी स्पष्ट सांगते, तुमचा प्रॉब्लेम दगडाचा नाहीये आणि हातोडीचा तर अजिबातच नाही. तुम्ही जी दोन लक्षणं लिहिलीत, चुरा आणि दोन तुकडे, ती दोन्ही तुम्ही मारायच्या आधीच ठरून गेलेली असतात. फटका हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. दहा मिनिटांत मी फार तर आठ-दहा फटके मारत असेन, बाकी सगळा वेळ दगड हातात फिरवून बघणं, कड घासणं, परत बघणं यात जातो. व्हिडिओत तोच भाग कापलेला असतो कारण तो बघायला कंटाळवाणा वाटतो, आणि मग बघणाऱ्याचा समज होतो की हे ताकदीचं किंवा नेमाचं काम आहे.

किती दिवस लागतील याचं सरळ उत्तर देता येत नाही कारण ते दगड कसा मिळतो, आठवड्यात किती वेळ बसता, शेजारी कुणी चूक दाखवणारं आहे का यावर अवलंबून आहे. पण मी बघितलेले बहुतेक लोक नियमित बसले तर काही आठवड्यांत हवी तशी कपची काढायला लागतात, आणि पातळ, दोन्ही बाजूंनी नीट घडवलेलं टोक यायला बऱ्याच जणांना वर्ष लागतं. कुणाला कमी, कुणाला जास्त.

आता दगड फुटतो कसा ते समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात. काचेवर बंदुकीचा छर्रा बसला तर समोरून बारीक भोक दिसतं आणि मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा तुकडा उडालेला असतो, हे कधीतरी बघितलं असेल. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड, त्याच्याच जातीचा चर्ट, ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, साधी काच हे सगळे असेच फुटतात, त्यांच्या आत लाकडासारखे धागे नसतात आणि अभ्रकासारखे पदरही नसतात, म्हणून फटक्याचा जोर एका बिंदूपासून शंकूसारखा पसरत जातो. आपण दगडाच्या मधोमध न मारता कडेजवळ मारतो, म्हणजे त्या शंकूचा एकच तुकडा बाहेर पडतो आणि तीच आपली कपची. याचा अर्थ हातोडी ज्या दिशेने जाते त्याच दिशेने चीर जात नाही, ती तिरकी फाकते. नवीन माणूस चीर जिथे जायला हवी त्याच दिशेने हातोडी मारतो आणि कपची निघतच नाही, किंवा निघाली तर नखाएवढी. हातोडीची दिशा त्यापेक्षा जास्त आत, दगडाच्या पोटाकडे ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट कोनाची. ज्या सपाट जागेवर मारायचं तिला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो. प्लॅटफॉर्म आणि त्याच्या खालची बाजू, जिथून कपची निघणार आहे, या दोघांमधला कोन 90 अंशांपेक्षा कमी हवा, साठ ते ऐंशीच्या मधे असला तर उत्तम. नव्वदच्या वर गेला की तुम्ही कितीही जोर लावा, जोर दगडाच्या आत जाऊन विरतो किंवा आत न दिसणाऱ्या चिरा पाडतो आणि तुम्हाला वाटतं दगड कडक आहे. गोल गुळगुळीत गोट्यावर नवख्याला काही जमत नाही त्याचं कारण हेच, गोट्याला कुठे कोनच नसतो. तो आधी दुसऱ्या दगडावर ठेवून वरून मारून दुभंगावा लागतो, मग त्या फुटलेल्या सपाट बाजूचा प्लॅटफॉर्म म्हणून उपयोग होतो. कोनाचा अंदाज येईपर्यंत पुठ्ठ्याचा एक तुकडा सत्तर अंशांत कापून जवळ ठेवा आणि प्रत्येक फटक्याच्या आधी कडेला लावून बघा. बालिश वाटेल पण मी शिकवताना पहिला महिना सगळ्यांना हे करायला लावते, नंतर डोळ्यालाच सवय होते.

आता तुमचा चुरा. तुम्ही नखाने कड हलकेच ओढून बघितलीत का कधी? बोटाच्या पेराने नको, कापेल, नखाने. ताज्या फुटलेल्या दगडाची कड ब्लेडसारखी असते, नख लगेच अडकतं, आणि आपल्याला वाटतं वा काय धार आहे. पण धार म्हणजे पातळ, आणि पातळ म्हणजे कमजोर, तिच्यावर हातोडी बसली की ती कडच चुरडते आणि फटक्याचा सगळा जोर तिथेच संपतो, आत जायला काही उरतच नाही. म्हणून मारायच्या आधी ती कड मुद्दाम बोथट करायची. खरखरीत वाळूचा दगड किंवा ग्राइंडिंग व्हीलचा तुटका तुकडा घ्या आणि कडेवरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे घासा, आधी लोंबणारे बारीक टवके निघून जातील, मग लांबीच्या दिशेने घासा, नख न अडकता घसरायला लागेपर्यंत. मेहनतीने आलेली धार स्वतःच घालवायला जीवावर येतं हे मला माहितीये, तरी घासा. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण तरी फक्त एवढ्या एका गोष्टीने सुधारले आहेत.

चुऱ्याचं दुसरं कारण म्हणजे अगदी कडेवर मारणं. दगडी हातोडीने मारताना कडेपासून थोडं आत मारायचं, किती आत ते कपची किती जाड हवी त्यावर, मुठीएवढ्या दगडावर साधारण अर्धा सेंटिमीटर धरा. जितकं आत माराल तितकी कपची जाड आणि मोठी निघते आणि तितकाच जोरही जास्त लागतो. आत मारून जोर कमी पडला तर काहीच निघत नाही पण दगडात चीर राहून जाते, आणि पुढे तीच दगा देते.

मधोमध तुटण्याचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा दगड थोडा पातळ झाल्यावर होतं, तुमचंही तसंच होत असणार. पातळ लांबट तुकडा एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावर मारला की तो पट्टीसारखा थरथरतो, आणि दगडाला वाकणं माहीत नाही, तो तुटतो. उपाय असा की तुकडा मांडीवरच्या चामड्यावर किंवा तळहातातल्या जाड पॅडवर पूर्ण टेकवा, जिथून कपची निघणार त्या खालच्या बाजूला बोटांचा आधार द्या, आणि कड घासलेली असू द्या, कारण न घासलेल्या कडेवर जोर अडकला की तोच जोर मग तुकडा वाकवायला जातो. शिवाय कडेची रेघ तुकड्याच्या जाडीच्या मध्यापेक्षा थोडी खाली, म्हणजे ज्या बाजूने कपची काढायची त्या बाजूकडे झुकलेली हवी. रेघ मध्याच्या वर राहिली आणि तुम्ही मारलंत तर तुकड्याचे दोन भाग होणार हे जवळजवळ नक्की. रेघ खाली आणायची तर दुसऱ्या बाजूने बारीक बारीक टवके काढून ती हळूहळू सरकवावी लागते. हे काम चिकाटीचं आहे, यात शॉर्टकट नाही.

दगड कुठला, तर कुठलाही ज्याचा पोत बारीक आणि एकसारखा आहे. ऑब्सिडियन फुटायला सगळ्यात सोपी पण तितकीच ठिसूळ, छोट्या चुकीलाही माफ करत नाही आणि तिच्या कपच्या भयंकर धारदार. फ्लिंट आणि चर्ट त्यापेक्षा चिवट, हातोडीने शिकायला मला तेच जास्त आवडतात. जॅस्पर, अकीक चालतात पण कच्चे असताना बरेचदा खूप कडक असतात. ग्रॅनाइट किंवा थर असलेला कुठलाही दगड सोडून द्या. आणि घेताना मडकं वाजवून घ्यावं तसं दगड वाजवून घ्या, हातावर सैल ठेवून दुसऱ्या गोट्याने हलकेच टकटक करा, खणखणीत आवाज आला तर आतून एकसंध आहे, भद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो घरी न्यायची गरज नाही.

काही चर्ट भाजल्यावर जास्त चांगले फुटतात, वाळूत पुरून खूप हळूहळू दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तितकंच हळू थंड करतात. दक्षिण आफ्रिकेत माणसं किमान 72 हजार वर्षांपूर्वी दगड असे तापवून घेत होती. पण पहिल्या वर्षात तुम्ही यात पडू नका, ओलसर दगड घाईने तापवला की तो फुटून उडतो.

हत्यारं अगदी मोजकी पुरतात. अंड्याच्या आकाराचे दोन-तीन गोटे, एक तीनशे-चारशे ग्रॅमचा, एक त्याहून लहान, आणि एखादा मऊसर वाळूच्या दगडाचा, कारण मऊ गोटा कडेला क्षणभर जास्त धरून ठेवतो आणि नवख्या हाताला सांभाळून घेतो. पुढच्या टप्प्याला पूर्वी हरणाच्या शिंगाचा दांडा वापरत, पण शिंग बाळगण्यावर काही देशांत कायद्याने बंदी आहे तेव्हा आधी ते बघा, नाहीतर तांब्याचं टोपण बसवलेला लाकडी दांडा घ्या, मी वर्षानुवर्षं तोच वापरतेय. दाबून टवके काढायला लाकडी मुठीत बसवलेली जाड तांब्याची तार, टोक थोडं पुढे आलेलं. तांबंच का, तर ते मऊ असल्यामुळे दगडाची कड त्यात जराशी रुतते आणि घसरत नाही. एवढ्यावर दोन वर्षं निघतात.

आता शिकायचा क्रम, आणि इथे माझं मत जरा ठाम आहे. बाणाच्या टोकापासून सुरुवात करू नका. केनियात तुर्काना सरोवराजवळ लोमेक्वी इथे सापडलेली दगडी हत्यारं साधारण 33 लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड येते सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी. मधल्या सगळ्या काळात आपल्या पूर्वजांनी मुख्यतः एकच काम केलं, गोट्यावरून धारदार कपची उडवायची आणि ती वापरायची. दाबून बारीक टवके काढून घडवलेली टोकं त्याच्याही खूप नंतरची, दक्षिण आफ्रिकेतल्याच ब्लॉम्बॉस गुहेतली 75 हजार वर्षांपूर्वीची टोकं ही त्यातली अगदी जुनी. तुम्ही पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर उडी मारताय म्हणून पाय घसरतोय. आधी महिनाभर फक्त कपच्या काढा. मारायच्या आधी खडूने दगडावर काढा की कपची इथून इथपर्यंत निघेल, मग मारा, मग बघा किती चुकलं. कपची नेहमी उंचवट्याच्या मागे जाते, दगडावर आधीच्या दोन खळग्यांमधे जी कणा असल्यासारखी रेघ असते तिच्या मागोमाग ती धावते, तेव्हा अशी रेघ शोधून तिच्या बरोबर वर प्लॅटफॉर्म करा. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या लांबीची कपची दहातून सात वेळा निघायला लागली की पुढे जा. आणि त्या कपच्या टाकू नका, त्यांनी दोरी कापा, लाकूड तासा, चामडं कापा, म्हणजे धार म्हणजे काय ते हाताला कळेल.

कपच्यांचा कंटाळा आला की संध्याकाळी काचेच्या बाटलीचा बूड घेऊन बसा, दाबायचं काम शिकायला त्याहून चांगलं काही नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतला इशी नावाचा माणूस 1911 साली ओरोव्हिलला लोकांसमोर आला आणि 1916 साली वारला, मधली वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममधे राहिला आणि तिथे त्याने बाटलीच्या काचेतून घडवलेली टोकं आजही बघायला मिळतात, इतकी देखणी की तासभर बघत बसावं. काच कमी प्रतीची आहे असं मनात आणू नका.

बाटली चिंधीत गुंडाळून फोडा आणि बुडाची चकती वेगळी काढा. डाव्या तळहातावर जाड चामडं, त्यावर चकती, चारही बोटांनी वरून घट्ट धरलेली. आधी तिची कड घासून घ्या. मग तांब्याचं टोक कडेवर ठेवा, आणि इथे नीट लक्ष द्या, आधी आतल्या दिशेने दाबायचं, चकतीच्या मध्याकडे, जणू काही तिला चिरडायचंय, मनगट न हलवता खांद्यातून वजन द्यायचं, दाब वाढत वाढत काच आता सुटेल असं वाटलं की मग खाली ढकलायचं. ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि चामड्यावर माशाच्या खवल्यासारखा टवका पडतो. फक्त खाली दाबलंत तर टवका आखूड निघतो, कड झिजते आणि चकती लहान होत जाते पण पातळ होत नाही. पातळ करणारा टवका मध्याकडे गेलेला असतो. एका बाजूने पूर्ण फेरी, मग उलटून, परत घासून, दुसऱ्या बाजूने फेरी. दोन फेऱ्यांच्या मधे घासायचं विसरायचं नाही.

कधीतरी कपची अर्ध्यातच तुटून मागे पायरी राहील. नवीन माणसाची सहज प्रतिक्रिया म्हणजे त्याच जागी परत मारायचं, जास्त जोरात, आणि मग पायरीवर पायरी चढून मधे एक टेंगूळ तयार होतं जे कशानेच जात नाही. तिथे थांबा. पायरीच्या विरुद्ध कडेकडून नाहीतर बाजूने नवा प्लॅटफॉर्म करून तिच्या खालून जाणारी कपची काढायची, जमत नसेल तर तो तुकडा बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

आता जे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, फटका एकच मारायचा असला तरी. पायात बंद बूट, मांडीवर जाड चामडं. माझ्या डाव्या मांडीवर अजून व्रण आहे, जाड जीन्स पुरेल असं समजून ऑब्सिडियन घेऊन बसले होते, कपची जीन्समधून आरपार गेली आणि रक्त दिसेपर्यंत मला कळलंही नाही, इतकी ती धार असते. आणि जखमेपेक्षाही धुळीला घाबरा. फ्लिंट-चर्टची धूळ म्हणजे सिलिका, ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि त्यावर औषध नाही. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात पिढ्यान्‌पिढ्या जुन्या बंदुकीत ठिणगी पाडायला लागणारे चकमकीचे दगड घडवणारे कारागीर बंद खोल्यांत काम करायचे आणि त्यातले कित्येक या धुळीच्या आजाराने वेळेआधी गेले. म्हणून नेहमी उघड्यावर बसा, वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असं, तोंडावर एन 95 किंवा त्याहून चांगला मास्क घाला, कड घासताना दगड ओला करा, कोरड्या झाडूने कचरा झाडू नका, आणि कामाचे कपडे घरात झटकू नका. लहान मुलं जवळ असतील तर काम बंद. कोपर दुखायला लागलं तर दोन आठवडे सुट्टी, दुखणं अंगावर काढलं तर ते वर्षभर पुरतं.

खाली ताडपत्री अंथरा आणि उठताना सगळा चुरा गोळा करून न्या. नदीकाठी किंवा रानात तसाच सोडला तर उद्या कुणाच्या पायात तर जाईलच, पण पुढे एखाद्या अभ्यासकाला ती प्राचीन जागा वाटू शकते, आजची कपची आणि हजारो वर्षांपूर्वीची कपची दिसायला सारखीच. पुरायचा असेल तर त्यात आजच्या तारखेचं एखादं नाणं टाका. घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर हिऱ्याच्या टोकाच्या पेनाने सही आणि साल कोरा. आणि जुन्या वस्तीच्या, उत्खननाच्या जागेवरून दगड कधीच उचलू नका, सरावासाठी तर मुळीच नाही, तिथला प्रत्येक तुकडा जिथे पडलाय तिथेच काहीतरी सांगत असतो.

तर आत्ता तुमच्यासाठी क्रम असा: गॉगल-मास्क-चामडं सोडून नवीन काही विकत घेऊ नका, आहे तोच दगड घ्या, कोन बघा, कड घासा, खडूने आखा, आधार द्या, मग एक फटका. परत तुटला तर तुकडे फेकू नका, ताडपत्रीवरच ते एकमेकांना जोडून बघा, सगळ्या कपच्यासकट. तुटलेल्या पृष्ठभागावर तळ्यातल्या लाटांसारख्या बारीक वलयरेषा दिसतील, त्या जिथून सुरू होतात तिथून जोर आत गेला. त्या तुमच्या फटक्याच्या जागेपासून सुरू होत असतील तर कोन किंवा कडेची रेघ चुकली, आणि फटक्यापासून लांब, तुकड्याच्या पोटातूनच सुरू होत असतील तर तो वाकून तुटलाय, म्हणजे आधार कमी पडला. पुढचे चार-पाच तुटलेले तुकडे असे जोडून बघितलेत की यातलं कुठलं तुमच्या बाबतीत जास्त होतंय ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल.